पुढं घोडं, मागं मेंढरं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. अर्धं मात्र सगळ्यांना सांगत आलो. टाचेचं दुखणं घेऊन कुणी भेटलं, की मी चप्पल काढून माझी उजवी टाच दाखवतो आणि मशिनचे धक्के घेऊन ती कशी बरी झाली ते सांगतो. गारखेड्यातल्या क्लिनिकच्या मॅडम घाबरलेले पेशंट माझ्याकडंच पाठवायच्या. आणि त्या गोष्टीच्या शेवटी मी न चुकता एक वाक्य जोडायचो. "पाय बरा झाला, पण तेवढ्यात घरच्यांनी फसवलं. बायकोनं माझ्या माघारी मेंढरं विकली." लग्नाकार्यात सांगितलं, बसस्टँडवर सांगितलं. पुष्कळदा तीही तिथंच, बायकांत बसलेली असायची.

गेल्या वर्षी कडूबाई गेली. तिच्या दहाव्याला आमच्यातलाच एक पाहुणा म्हणाला, "बाई कष्टाची व्हती, पण मेंढरं इकून नवऱ्याला उघड्यावर आनलं तिनं." हे वाक्य त्याचं नव्हतं. माझंच होतं, माझ्या तोंडून निघून फिरत फिरत त्याच्यापर्यंत गेलेलं. मी तिथंच बसलो होतो. काही बोललो नाही.

म्हणून आता लिहितो. ज्यांची टाच दुखते त्यांना यातून धीर मिळाला तर चांगलंच आहे. पण लिहितोय ते तिच्या नावासाठी.

तळव्यातला खिळा

आम्ही धनगर. लासूर स्टेशनच्या अलीकडं आमचं गाव. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं आणि पावसाच्या तोंडाला परतायचं. चालायची रीत ठरलेली. सकाळी बायका घोड्यावर बिऱ्हाड लादतात. भांडी, पीठ, वाकळा, नुकती जन्मलेली कोकरं. मग घोड्याचा कासरा धरून त्या सरळ वाटेनं पुढच्या मुक्कामाला जातात. आम्ही पुरुष मेंढरांच्या मागं. मेंढरं बांधाबांधानं चरत जातात, म्हणून आम्हाला पोचायला दिवस मावळतो. तोवर चूल पेटलेली असते आणि वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, ठोकून तयार असते. पुढं घोडं, मागं मेंढरं. कडूबाई पुढं, मी मागं.

दुष्काळानं पाठ धरली होती त्या वर्षांतली ही गोष्ट. शिवना नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळायची. चाऱ्यासाठी लांब लांब जावं लागायचं. एकदा ढवळी, म्हणजे आमची सगळ्यांच्या पुढं चालणारी मेंढी, कोरड्या नाल्यात उतरली. तिला वळवायला मी बांधावरून उडी टाकली आणि उजवी टाच नेमकी दगडावर आली.

सूज उतरली, दुखणं उतरलं नाही. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कुणी खिळा ठोकतंय असं वाटायचं. थोडं चाललं की सैल पडायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. ज्यांना हे होतं त्यांना वेगळं सांगायला नको.

कडूबाई रोज चुलीत वीट तापवायची, तिच्यावर रुईची पानं अंथरायची आणि मी त्यावर टाच दाबून धरायचो. माझं झालं की ती वीट आपल्या बाजूला ओढून घ्यायची. "ऱ्हाऊ द्या, गरम हाय आजून," म्हणायची. मला वाटायचं, चूल आवरतेय.

भंडारा

माझा मुलगा संतोष वाळूजच्या कंपनीत कामाला. गारखेड्यात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचा. तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं. त्यानंच मला डॉक्टरकडं नेलं. फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, टाचेचं हाड काट्यासारखं वाढलंय, तळव्याची शीर दुखावलीय. ऑपरेशन नको, शॉकवेव्ह घ्या. आठवड्यातून एकदा, काही आठवडे. आणि तीन महिने मेंढरांमागं फिरायचं नाही.

"तीन म्हैने?" मी म्हणालो. "डाक्टरसाहेब, मेंढरायला तुमीच येऊन सांगा मंग, तीन म्हैने बसून ऱ्हा म्हनावं."

डॉक्टर हसले, संतोष नाही हसला. बाहेर आल्यावर म्हणाला, "दादा, आसंच चाललं तर एक दिवस जाग्यावरून उठता यायचं नाय. मंग काय करनार?"

त्याच गोष्टीची मला भीती होती. धनगराचा पाय गेला की तो माणूस संपला, असं मी लहानपणापासून बघत आलो होतो. माझ्या वडलांना शेवटी खाटेवरून मेंढरांचा आवाज ऐकत दिवस काढावे लागले. टाच बरी व्हावी आणि आपण पुन्हा कळपामागं उभं राहावं, त्या दिवसांत मला दुसरं काही नको होतं.

कडूबाई लगेच म्हणाली, "तुमी जावा. मी हाय, रंगनाथ भावजी हायत." रंगनाथ माझा धाकटा भाऊ, त्याचीही मेंढरं आमच्याबरोबरच असायची.

तिच्या शब्दावर माझं भागलं नाही. निघायच्या दिवशी मी देवाजवळचा भंडारा तिच्यापुढं धरला. आमच्यात भंडारा उचलून दिलेला शब्द मोडत नाहीत, मोडला तर घरावर येतं. "उचल," म्हणालो. "मी येईस्तोर एक बी मेंढरू दुसऱ्याच्या दावनीला जानार नाय, आसं म्हन."

तिनं चिमूटभर भंडारा उचलला. "व्हय. नाय जानार."

रंगनाथला मी भंडारा उचलायला लावला नाही, पोटच्या पोरालाही नाही. तिलाच लावला.

धक्के

शॉक म्हटल्यावर मला करंटच आठवला. वेड्याला देतात तसला. पहिल्या दिवशी क्लिनिकच्या बाकावर बसून मी संतोषला विचारलं, "ध्यान ऱ्हातं ना रे मानसाला? का समदं इसरतो?"

आतून मॅडमनी ऐकलं. शहागंजाकडच्या मुसलमान घरातल्या, वयानं माझ्या सुनेएवढ्या. दारातून डोकावून म्हणाल्या, "कायकू डरते चाचा? करंट नहीं है, हवा का धक्का है. बीवी का नाम नहीं भूलते इससे."

"ते भुलायचं आसंल तर दुसरी मशिन हाय का?" मी म्हणालो, आणि बाकावरचे सगळे पेशंट हसले. तेव्हा तो नुसता विनोद होता.

पालथं झोपवतात. टाचेला थंडगार जेल लावतात. मग पिस्तुलासारखं यंत्र टेकवतात आणि टकटकटकटक सुरू होतं, पाथरवटानं टाचेवरच छिन्नी धरावी तसं. दुखतं. दुखत नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण ते मिनिटांचं दुखणं आहे, आणि फार झालं की सांगायचं, मॅडम जोर कमी करतात. मी पहिल्यांदा दात खाऊन गप्प पडलो तर ओरडा बसला. "बोलना पडता चाचा, मर्दानगी यहाँ नक्को."

आणखी एक सांगून ठेवतो, कारण इथंच माणसं सोडून जातात. लगेच फरक पडत नाही. पहिल्या दोन वेळांनंतर माझी टाच आधीपेक्षा जास्त ठणकली. मला वाटलं, फसलो. मी पिशवी भरली होती. माझी सून मनीषा दारात उभी राहिली. "मामा, तुमी गेले तर आत्याबाई मला बोलतील. त्यायनी सांगून ठिवलंय, पुरं झाल्याबिगर यिऊ द्यायचं नाय म्हनून." मी थांबलो. मग एका सकाळी उठलो, मोरीपर्यंत गेलो, तोंड धुतलं, आणि तेव्हा लक्षात आलं की खिळा लागलाच नाही. परत खाटेवर जाऊन बसलो आणि पुन्हा पहिलं पाऊल टाकून बघितलं. नाही लागला. मनीषा म्हणाली, "मामा, काय करताय?" मला रडू आलं होतं.

बाकीचा दिवस गॅलरीत जायचा. पायाखाली बाटली लाटायची, पंचा तळव्याला अडकवून ओढायचा. समोर नव्या इमारती उठत होत्या. त्यातल्या एका जागेवर माझ्या वडलांनी एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली मी पाहिली होती. आता तिथं सळया उभ्या होत्या आणि टँकर बांधकामाला पाणी घालत होता. आमच्या नळाला पाणी नव्हतं.

दर रविवारी कडूबाईचा फोन यायचा. मी विचारायचो, "मेंढरं कशी हायत?"

"बरी हायत. तुमी पाय सांभाळा."

"ढवळी?"

"बरी हाय."

रिकामी वाघर

शेवटच्या दिवशी मॅडमनी टाच दाबून बघितली आणि म्हणाल्या, "अब चलो आराम से." मला आरामात चालायचं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी गावाकडं निघालो. मुद्दाम दौलताबादला उतरून किल्ल्याखालच्या रस्त्यानं थोडं चाललो. टाच गप्प होती. आमच्या फाट्यावर उतरल्यावर तर मी जवळजवळ धावलोच.

वाघर गुंडाळून लिंबाला टांगलेली होती. जमिनीवरच्या लेंड्या वाळून भुगा झाल्या होत्या. घोड्याचा खुंटासुद्धा उपटलेला.

कडूबाई दारात ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवलं.

"मेंढरं कुठं हायत?"

"इकली."

"कवा?"

"लई दिस झाले. लासूरच्या बाजारात."

"आन मला बरी हायत म्हून सांगत व्हतीस?"

"ज्याच्याकडं हायत तिथं बरीच आसतील."

"भंडारा उचलला व्हता तू!"

"उचलला. माझं मी बघीन देवासंगं. तुमचा पाय दावा बरं."

"पाय काय चाटू आता?" मी ओरडलो. रंगनाथ गोठ्यातून आला आणि खाली मान घालून उभा राहिला. म्हणजे त्यालाही माहीत होतं. संतोषला फोन लावला. तो म्हणाला, "माय म्हनली व्हती सांगू नको." सुनेलाही माहीत होतं. ज्या घरात मी खाटेवर बसून बाटली लाटत होतो, तिथं भाकरी वाढणारी सगळी माणसं एकमेकांकडं बघून गप्प बसत होती. मला मेंढरं गेल्यापेक्षा हे जास्त लागलं. पाय बरा करायच्या नावाखाली मला बाजूला काढलं, असंच वाटलं. अगदी खरं सांगतो, त्या क्षणी ती टाच पुन्हा मोडावी असं वाटलं.

मी कडूबाईला म्हणालो, "माझी बायकू आज मेली."

रंगनाथ म्हणाला, "दादा, जरा ऐक तरी." मी ऐकलं नाही. तिनं सूप उचललं आणि उरलेली ज्वारी पाखडली.

एका छताखाली

मेंढरांशिवाय गावात थांबून करायचं काय? मी गारखेड्यात एका नव्या अपार्टमेंटच्या गेटवर वॉचमन झालो. काही दिवसांनी संतोषनं तिलाही आणलं. दोन खोल्यांत आम्ही राहिलो आणि मी तिच्याशी बोललो नाही. काही हवं असलं तर मनीषाला सांगायचो, "तुझ्या सासूला म्हनावं, चहा टाक." ती तिथंच, हातभर अंतरावर असायची. चहा टाकायची.

टँकर खाली यायचा. ती हंडे घेऊन तीन जिने चढायची, कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मला वाटायचं, वय झालं. मी गॅलरीत पंचा तळव्याला अडकवून माझे व्यायाम करत असायचो. मॅडमनी ते कायमचे करायला सांगितले होते आणि मी एक दिवस चुकवला नाही.

अशीच दोनेक वर्षं गेली असतील.

मग एक दिवस गेटवर मॅडमचा फोन आला. "चाचा, जरा आओ. एक पेशंट मशिन को हाथ नहीं लगाने दे रही. तुम समझाओ." असे फोन नेहमी यायचे. मी गेलो. पडद्याआड कडूबाई पालथी झोपली होती. मनीषा शेजारी उभी. जिन्यात बसली ती उठलीच नाही, म्हणून उचलून आणलं होतं तिला.

दोन्ही टाचा. फोटोत माझ्यापेक्षा मोठे काटे.

मॅडम विचारत होत्या, "कब से है चाची?"

"लई वर्सं झाली. संतोष रांगत व्हता तवापासून कमीजास्त."

"और किसी को बताया नहीं?"

"कुनाला सांगू? घोड्याला?"

मनीषानं तोवर आमचं नातं सांगितलं असावं. मॅडम माझ्याकडं वळल्या. "चाचा, तुम तो साथ चलते थे. दिखा नहीं इनका लंगडाना?"

आम्ही बरोबर कधी चाललोच नव्हतो. आख्खी हयात एकाच मुक्कामाला जायचो, पण ती सरळ वाटेनं सकाळी, मी बांधाबांधानं संध्याकाळी. मी पोचायचो तेव्हा ती चुलीपुढं बसलेली असायची. बसलेल्या माणसाची टाच कशी दिसणार? आणि ती वीट, ती आपल्याकडं का ओढून घेते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मी पडद्याबाहेर येऊन बाकावर बसलो. आत टकटक सुरू झाली. तिचं लक्ष दुसरीकडं वळावं म्हणून मॅडमनी विचारलं, "चाचा बोलते, मेंढरं जान से प्यारी थी. फिर बेची कायकू?"

आणि कडूबाईनं ते त्या परक्या बाईला सांगितलं. मला कधी सांगितलं नव्हतं ते.

"हे इकडं आले आन मेंढरामागं मी लागले. घोड्यासंगं मानूस थांबत थांबत जातं. मेंढरामागं थांबता येत नाय. रंगनाथ भावजी त्यायची मेंढरं घिऊन पुढं गेले व्हते. नव्या मोठ्या रस्त्याच्या कडंला टाचा आशा धरल्या, बांधावर बसले ते उठताच येईना. डोळ्यादेखत मेंढरं रस्त्यावर चढली. ढवळी पुढं. ट्रक आला." टकटक थोडी थांबली, पुन्हा सुरू झाली. "पुढची गेली. ऱ्हायली ती इकून टाकली. आनिक एक डाव तसं झालं आसतं तर?"

"तो चाचा को बोलना था ना."

"बोलले आसते तर हे मशिन आर्धं टाकून पळून आले आसते. जलमभर लंगडले आसते."

"बाद में तो बोलती."

"ढवळी मेली हे ऐकन्यापरीस मी इकली हे ऐकल्यालं बरं. इकल्यालं मेंढरू कुठंतरी चरत आसतं."

बाकावर माझ्या शेजारी एक नवीन पेशंट बसला होता. त्यानं मला विचारलं, "काका, लई दुखतं का हो?"

बरोबर

तिचे धक्के पुरे होईपर्यंत दर आठवड्याला मीच तिला घेऊन गेलो. हंडे मी चढवायला लागलो. चहा तिच्याकडंच मागायला लागलो, मनीषामार्फत नाही. पहिल्यांदा मागितला तेव्हा ती म्हणाली, "आज मेलेल्या बायकूच्या हातचा चालतोय व्हय?" आणि हसली. मीही हसलो. तिथं बोलायला हवं होतं. मी कप उचलला.

लोकांना मेंढरं विकल्याचं सांगणं मी बंद केलं. पण बंद केलं म्हणजे खोडून काढलं असं होत नाही. ज्या लग्नांत, ज्या पारांवर मी तिला नावं ठेवली, तिथं परत जाऊन एकालाही खरं सांगितलं नाही. आमच्यात बायकोची माफी मागायची पद्धत नाही, असं स्वतःला समजावत राहिलो. बायकोला भंडारा उचलायला लावायची तरी कुठं पद्धत होती? ती मी काढली होती.

तिच्या टाचा सुधारल्या. माझ्याइतक्या नाही, फार उशीर झाला होता, पण जिना ती न थांबता चढायची. त्यानंतरची काही वर्षं तिला बिनखिळ्याची सकाळ मिळाली, एवढं समाधान आहे. मग गेल्या वर्षी छातीत दुखायला लागून ती एका दुपारी गेली. दवाखान्यात पोचायलाही वेळ मिळाला नाही.

तिच्या शेवटच्या धक्क्याचा दिवस राहून राहून आठवतो. मॅडम म्हणाल्या, "आज रिक्षा नक्को. दोनों मिलके चलते जाओ, धीरे धीरे." आम्ही निघालो. रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं, खडी पडलेली, कडेला टँकरपुढं बायकांची रांग. चार पावलं आम्ही शेजारी शेजारी गेलो. मग सवयीनं ती पुढं झाली आणि सवयीनं मी मागं राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला मागून चालताना बघत होतो. डावी टाच ती अजून जराशी जपून टेकत होती.

माझ्याकडं वाक्य तयार होतं. बाकावर बसून कितीतरी आठवडे जुळवलेलं. कडू, तू मला फसवलं नाय. मीच तुझ्याकडं कधी बघितलं नाय. माझ्या तोंडून गेलं ते मी परत घेतो, आन जिथं जिथं बोललो तिथं जाऊन घेतो. मला माफ कर.

मी हाक मारली, "अगं."

ती थांबली, वळली. पदरानं कपाळ पुसत म्हणाली, "काय म्हनता?"

"काय नाय," मी म्हणालो. "खडी हाय. सावकाश चाल."